सासूबाईंचा पाच आकडी नंबर आणि १९५०च्या आसपासचं ब्रिटनमधलं बालपण

लँकशायरची सून (धागाकर्ती)

माझ्या सासूबाई इंग्रज. जन्म १९४४चा, गाव बर्नली, लँकशायर. गेल्या वर्षीपासून केअर होममध्ये आहेत. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण १९५२ सालचं विचारा, काल घडल्यासारखं सांगतात. मंगळवारी आणि शनिवारी मी जाते आणि वहीत उतरवून घेते. नवरा म्हणतो, यातलं निम्मं त्यानेही कधी ऐकलेलं नाही.

थोडं इथे टाकते. तुमच्यापैकी कुणाचं लहानपण तिकडे गेलं असेल, किंवा सासर-शेजाराकडून असं काही ऐकलं असेल, तर भर घाला. शेवटी दोन कोडी आहेत, तीही सोडवा.

त्यांचं घर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. खाली दोन खोल्या, वर दोन. आई कापडगिरणीत मागावर, वडील कोळशाच्या खाणीत. शुक्रवारी गल्लीतली प्रत्येक बाई गुडघ्यावर बसून दाराची दगडी पायरी घासायची आणि तिच्या कडेला एका मऊ दगडाने पिवळट-पांढरी रेघ ओढायची. ज्या घरची पायरी तशीच राहिली त्या घराबद्दल गल्ली बोलायची. तो दगड बहुतेक विकत आणत नसत. घोडागाडीवाला चिंध्या गोळा करत यायचा, त्याला जुने कपडे दिले की तो दगड द्यायचा. म्हणजे आपली बोहारीणच की, भांड्याऐवजी दगड देणारी.

पायात लाकडी तळाचे क्लॉग, खाली लोखंडी नाल मारलेले. फरसबंदीवर पाय तिरका आपटला की ठिणगी उडायची. परवा हे सांगताना त्यांनी सपाता घातलेला पाय गालिच्यावर जोरात घासला, मग वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आजकालच्या जमिनीत दम नाही."

संडास मागच्या अंगणात. शनिवारी वर्तमानपत्राचे चौकोन कापून, दोरा ओवून खिळ्याला अडकवायचं काम यांचं. बातमी अर्धीच हाती यायची, उरलेली कुठल्या चौकोनात गेली ते शोधत बसायचं आणि बाहेरून भाऊ दार बडवायचा. आंघोळ आठवड्यातून एकदा, शेकोटीपुढे पत्र्याच्या टबात, सगळ्यांची एकाच पाण्यात. या शेंडेफळ, त्यामुळे पाण्याचा रंग विचारू नका.

सोमवारी धुणं. शेवटच्या पाण्यात नीळ. मी म्हटलं, आमच्याकडे साताऱ्यात रॉबिन नीळ असायची, तर त्यांना खरंच वाटेना. रेकिट कंपनी हल गावची, त्यांच्या शेजारच्या यॉर्कशायरमधली, तिची नीळ माझ्या आजीच्या बादलीत.

आता कोडी.

एक: हातात पावाची स्लाइस किंवा लोण्याचं पाकीट दिलं की त्या पाच आकडी नंबर म्हणतात. दर वेळी तोच, शाळेतल्या कवितेसारख्या चालीत. घरी फोन नव्हता. घराचा नंबर दोन आकडी होता. नवऱ्याला वाटतं वडिलांचा खाणीतला बिल्ला असेल, पण मग पावाचा काय संबंध?

दोन: अधूनमधून आवाज न काढताच बोलतात. ओठ मोठेमोठे हलवून, डोळे माझ्यावर रोखून. डॉक्टरांनी घसा तपासला, काहीही नाही.

चहाबिस्कीट

वाचतेय. वर्तमानपत्राच्या चौकोनावर खूप हसले. पुढचे भाग लवकर टाक.

जुना लंडनकर

मी एरवी लिहीत नाही, नुसता वाचतो. पण हा धागा माझ्या वयाचा आहे.

१९५१ साली सहा वर्षांचा असताना आईबरोबर बॅलर्ड पिअरहून बोटीत बसलो आणि टिलबरीला उतरलो. वडील आधी येऊन इंडिया हाउसमध्ये नोकरीला लागले होते. किलबर्नमध्ये एका घरात दोन खोल्या. गॅसच्या शेगडीला मीटर, त्यात शिलिंगचं नाणं टाकल्याशिवाय ज्योत नाही. भात अर्धा शिजलेला असताना गॅस संपला की आई 'शिलिंग, शिलिंग' म्हणून ओरडायची. म्हणून शिलिंग ठेवायची जागा ठरलेली होती: मिसळणाच्या डब्यातली जिऱ्याची वाटी. जिरं मिळतच नव्हतं, वाटी रिकामीच होती. त्या नाण्यांना शेवटपर्यंत हळदीचा वास यायचा.

फोडणीला तेल हा दुसरा प्रश्न. वाण्याकडे चरबी आणि मार्जरीन. ऑलिव्ह तेल औषधाच्या दुकानात मिळायचं, एवढ्याशा बाटलीत. आईने चार बाटल्या मागितल्या तेव्हा दुकानदाराने काळजीने विचारलं होतं की घरात इतक्या जणांचे कान कसे दुखतात.

डिसेंबर १९५२चं धुकं मी पाहिलंय. पाहिलंय कसलं, त्यात काही दिसतच नव्हतं. ५ तारखेला शुक्रवारी सुरू झालं ते ९ला, मंगळवारी हटलं. वारा पडलेला, थंडी कडाक्याची, आणि लाखो घरांत कोळशाच्या शेकोट्या. चांगला कोळसा परदेशी विकायला जायचा, घरगुती शेकोटीत भुकटीचा माल. धुराला वर जायला वाटच नव्हती. रंग पिवळट, चव लोखंडासारखी. बसच्या पुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालत होता. वडील त्या शुक्रवारी ऑफिसातून, ऑल्डविचहून चालत आले, घरांच्या लोखंडी कुंपणांना हात लावत लावत. आल्यावर हातमोजे काढले तर उजवा काळा कुळकुळीत आणि डावा जसाच्या तसा. धुकं खोलीतही शिरलं होतं, दिव्याभोवती खळं पडलं होतं. सरकारने तेव्हा चार हजार मृत्यू मोजले, पुढच्या संशोधनात आकडा बारा हजारांच्या घरात गेला. आम्हा मुलांना काय, शाळा बुडाली याचा आनंद. धुराविरुद्धचा कायदा १९५६ साली आला, पण शेकोट्या काही एका रात्रीत विझल्या नाहीत.

शाळेबद्दल सांगायला हवं. सकाळी प्रत्येकाला दुधाची छोटी बाटली फुकट, एक तृतीयांश पाइंटची. हिवाळ्यात दूध गोठायचं म्हणून क्रेट शेगडीजवळ ठेवत आणि मग ते कोमट, किळसवाणं व्हायचं. अजूनही मी कोमट दूध पिऊ शकत नाही.

जेवणात एक गोड पदार्थ असायचा, टॅपिओका. मुलं त्याला बेडकाची अंडी म्हणायची आणि ताटली दूर सारायची. मी चमचा तोंडात घातला आणि ओळखलं, ही साबुदाण्याची खीर! वेलदोडा नाही, साखर कमी, पण खीरच. मी दुसऱ्यांदा मागितली तेव्हा टेबल गप्प झालं. त्यानंतर व्यवहार ठरला: सगळ्यांची बेडकाची अंडी मला आणि माझं मटण त्यांना. आईला वाटायचं की पोरगं शाळेत शाकाहार पाळतं. खरंही होतं ते.

मिश्कील_मामा

काका, दंडवत. लिहीत राहा.

मला एक सांगा, बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब सहा-सात वर्षांची पोरं डोक्यात कसा करत? मी ४७ वर्षांचा आहे आणि टिप द्यायला कॅल्क्युलेटर काढतो.

जुना लंडनकर

मामा, इथे मी थोडी फुशारकी मारून घेतो. आपल्याकडे तेव्हा बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. निघण्यापूर्वी आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेतली होती. तिकडे हाफ क्राउन नावाचं नाणं होतं, अडीच शिलिंगांचं. बाईंनी विचारलं, आठ हाफ क्राउन म्हणजे किती? वर्ग बोटं मोजत बसला. माझ्या तोंडून मराठीतच निघालं: आठ अडीचकं वीस! मग इंग्रजीत 'एक पौंड' म्हणालो. बाईंना वाटलं मी मंत्र म्हणून उत्तर काढलं.

भारताने १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आणले. यांनी १५ फेब्रुवारी १९७१ला. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बस कंडक्टरला नाण्यांची ओंजळच पुढे करत होत्या, तूच घे बाबा म्हणून.

लँकशायरची सून

काका, मिसळणाचा डबा वाचून फार हसले, मग जरा डोळे भरले.

या मंगळवारची वही: गावाची सुट्टी. जुलैमध्ये बर्नलीतल्या बहुतेक गिरण्या एकदम बंद व्हायच्या, धंदे बंद, गाव रिकामं. प्रत्येक गिरणीगावाचा आठवडा वेगळा. सगळे ब्लॅकपूलला. म्हणजे वर्षभर ज्यांची तोंडं बघितली तेच शेजारी समुद्रावरही शेजारी. मुलांमध्ये पैज असायची, आगगाडीतून टॉवर आधी कुणाला दिसतो. राहायचं खाणावळवजा घरात. खाण्याचं सामान आपण द्यायचं, मालकीण शिजवणार. बिलात मीठ-मिरीच्या बरण्या वापरल्याचे वेगळे पैसे! सासूबाईंच्या आईने एका वर्षी कागदाच्या पुडीत घरचं मीठ नेलं, मालकिणीने ते पाहिलं आणि आठवडाभर दोघींत अबोला.

त्या म्हणाल्या, सुट्टीतली सगळ्यात छान गोष्ट निघण्याच्या दिवशी सकाळी. चिमण्या बंद, आकाश धुतल्यासारखं, आणि गावामागचा पेंडल डोंगर दिसायचा. एरवी तो आहे हे ऐकूनच माहीत.

दुसरं, ५ नोव्हेंबरची शेकोटी. महिनाभर आधीपासून मुलं लाकडं गोळा करत. शेजारच्या गल्लीची पळवत. आपल्या ढिगावर रात्री पहारा. मी म्हटलं, आमच्या होळीला हेच! फक्त आम्ही बोंब मारतो. बोंब म्हणजे काय ते मला करून दाखवावं लागलं. नर्स धावत आली.

कडूलिंब

सगळं गोड चाललंय, म्हणून दोन कडू पानं.

आम्ही लंडनच्या साउथॉलला आलो १९६४ साली. वडील खोली शोधत फिरत तेव्हा दुकानांच्या काचेत भाड्याच्या चिठ्ठ्या असायच्या. काहींवर सरळ लिहिलेलं, काळ्यांनी येऊ नये. कुठे 'सॉरी' जोडलेलं. वडील ते सॉरी वाचून दाखवायचे आणि हसायचे. आईला हसू यायचं नाही.

१९६५ साली सरकारी परिपत्रक निघालं, एका शाळेत परदेशातून आलेल्यांची मुलं साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. आमच्या भागात मुलांना बसने लांब नेणं आधीच सुरू झालं होतं. घरापासून चार मिनिटांवर शाळा होती आणि मी रोज बसमध्ये. बस शाळा सुटताक्षणी निघायची. मैदानावर खेळ सुरू व्हायचे तेव्हा आम्ही काचेला नाक लावून बसलेलो. तुमच्या शेकोट्या, लाकडं पळवणं, हे 'गल्लीतलं बालपण' मला मिळालं नाही, कारण माझे वर्गमित्र एका गल्लीत आणि मी दुसऱ्या गावात.

आणि माझं नाव. बाईंना 'पुरुषोत्तम' जमेना. दुसऱ्या दिवसापासून मी पीटर. कुणी विचारलं नाही. छडीही खाल्ली, उजव्या तळहातावर, मराठीत बोललो म्हणून. सरकारी शाळांमधली छडी गेली ती १९८६च्या कायद्याने, तोवर माझी मुलगी शाळेत जायला लागली होती.

चहाबिस्कीट

कडूलिंब, वाचून गप्प बसले. पण हा धागा लहानपणच्या गमतीजमतींचा आहे ना, त्यात हे जरा...

कडूलिंब

हेही लहानपणच होतं हो. माझं.

जुना लंडनकर

त्यांचं बरोबर आहे. मी मुद्दाम गाळलं होतं. आमची घरमालकीण चांगली होती, पण ती आमची चौथी होती. आधीच्या तीन दारांवर आई काय म्हणाली ते मला पाठ आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही.

लँकशायरची सून

कडूलिंब, लिहिलंत ते बरं केलंत. राहू द्या इथेच. आमच्याकडेही सगळं कौतुकाचं नाही. सासूबाई अकरा वर्षांच्या झाल्यावर परीक्षा झाली. जी पास झाली ती ग्रामर शाळेत, उरलेली दुसऱ्या शाळेत आणि पंधराव्या वर्षी कामावर. त्या पास झाल्या होत्या. गणवेशाची यादी घरी आली, वडिलांनी ती वाचली, घडी घातली आणि घड्याळामागे ठेवली. पंधराव्या वर्षी त्या गिरणीत लागल्या. हे सांगताना आवाज चढला नाही, रडल्या नाहीत. यादीत हॉकीची काठी होती एवढं मात्र दोनदा सांगितलं.

खोऱ्यातली

मी साउथ वेल्समधून. बाबा डॉक्टर. तिकडच्या खाणींच्या खोऱ्यांत दवाखाना चालवायला इंग्रज डॉक्टर फारसे तयार नसत, म्हणून आपले बरेच डॉक्टर गेले. आम्ही पोचलो जानेवारी १९६३मध्ये. ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसले असतील. नाताळानंतर पडलेला बर्फ मार्चपर्यंत हलला नाही. केंटमध्ये तर समुद्राचा काठ गोठला होता. दारातल्या बाटलीतलं दूध गोठून फुगायचं आणि वरची चंदेरी टोपी डोक्यावर घेऊन साय बोटभर बाहेर उभी. एरवी ती टोपी चिमणीएवढे निळे पक्षी चोचीने फोडून साय खात. त्या हिवाळ्यात बिचारे नुसते बर्फावर ठोकत बसायचे. आई नागपूरची. तिने मे महिन्यापर्यंत शाल काढली नाही.

आमच्या गल्लीत निम्मी घरं जोन्स, उरलेली डेव्हिस आणि इव्हान्स. आपल्याकडे एखाद्या गावात सगळे पाटील असतात तसं. मग धंद्यावरून ओळख: दूध जोन्स, पाव जोन्स, मढी पुरणारा तो कबर जोन्स. बाबा नुसते 'डॉक्टर', त्यांच्या आडनावाची गरजच पडली नाही.

खाणकामगाराला हक्काचा कोळसा मिळायचा. लॉरी यायची आणि अख्खा ढीग दारासमोर रस्त्यावर ओतून जायची. मग बादल्या, घमेली, बाबागाड्या घेऊन गल्ली जमायची. ज्याचा कोळसा त्याच्या घरी म्हातारी माणसं असली तर आधी तिथे. शेवटी रस्ता झाडून धुवायचा. मीही जायचे. आईला ते पसंत नव्हतं, डॉक्टरांची मुलगी कोळसा उचलते म्हणून. बाबा म्हणाले, जाऊ दे.

माणसांच्या हातांवर, कपाळावर निळ्या रेघा असत. मला ते गोंदण वाटायचं, आजीच्या हनुवटीवर होतं तसलं. बाबांनी सांगितलं, खाणीत खरचटलं की जखमेत कोळशाची धूळ राहते आणि कातडी वरून बंद होते.

रविवारी सकाळी संडे स्कूल. हिंदू असून कशाला असं विचारू नका, सगळ्या मैत्रिणी जायच्या आणि हजेरी भरली तरच उन्हाळ्यात बॅरी आयलंडची सहल. सकाळी वेल्श प्रार्थना, संध्याकाळी देवापुढे रामरक्षा. दोन्ही पाठ, दोन्हींचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता.

२१ ऑक्टोबर १९६६. ॲबरफान आमच्या खोऱ्यात नव्हतं, डोंगरापलीकडच्या. शुक्रवार होता, सहामाही सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. सकाळी सव्वानऊच्या सुमारास खाणीच्या मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ माणसं, त्यातली ११६ मुलं. आमच्या गल्लीतली माणसं फावडी घेऊन गेली, बाबा बॅग घेऊन गेले. ते शनिवारी रात्री परत आले. आईने पाणी तापवलं. ते मोरीत उभे राहिले, बराच वेळ पाणी घेतलंच नाही. मी त्यांना काही विचारलं नाही, पुढे कधीच नाही. आमच्याही गावावर तसलाच एक काळा डोंगर होता. सुट्टी संपल्यावर शाळेत जाताना मी त्याच्याकडे बघत चालायचे.

मिश्कील_मामा

(आज काही विनोद नाही.)

गिरणगावकर

धाग्यावर उशिरा आलो. सूनबाई, तुमच्या लँकशायरशी आमचं जुनं भांडण आणि जुनं नातं. आजोबा लालबागला गिरणीत. त्यांच्या खात्यातल्या यंत्रावर बिडाच्या अक्षरांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव होतं. ते म्हणायचे, सायबाने यंत्रं आपल्याला विकली आणि मग आपलंच कापड त्याच्या अंगावर बसलं. १९३१ साली गांधीजी लँकशायरमध्ये डार्वेनला गेले होते, बहिष्कारामुळे काम गेलेल्या कामगारांना भेटायला. आणि त्या बायकांनी त्यांचं हसून स्वागत केलं. आजोबांना याचं भारी नवल.

१९५९ साली सरकारने कायदा करून जुने माग मोडायला पैसे दिले. तुमच्या सासूबाईंना त्याबद्दल विचाराल का? आमच्या संपानंतर गिरण्या कशा गेल्या ते मी पाहिलंय, त्यांच्या कशा गेल्या ते ऐकायचंय.

आता तुमचं दुसरं कोडं. आवाज न काढता बोलणं. आजी सांगायची, आजोबा घरी ओरडूनच बोलत, खात्यात राहून ऐकूच यायचं नाही. तिकडच्या बायका ओरडत नसतील, दुसरा काही उपाय असेल. पण नक्की माहीत नाही.

पावसाळी मँचेस्टर

गिरणगावकर, अगदी जवळ पोचलात! बर्नलीतच क्वीन स्ट्रीट मिल आहे, वाफेवर चालणारी विणाईची गिरणी, आता संग्रहालय. मी मुलांना घेऊन गेलो होतो. तीनशेच्या आसपास माग, आम्ही गेलो तेव्हा त्यातले मोजकेच सुरू केले तर छातीत धडधडायला लागलं. माहिती सांगणाऱ्या बाईंनी दाखवलं: विणकरणी आवाज न काढता, ओठ मोठे करून, हातवारे करून बोलत. त्याला तिकडे 'मी-मॉ' म्हणतात. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी गप्पा मारायची. खाजगी काही सांगायचं तर तोंडावर हात, कारण ओठ सगळ्यांनाच वाचता यायचे. घरी, बसमध्ये, चर्चमध्येही सवय जात नसे.

तुमच्या सासूबाईंचा घसा ठणठणीत आहे. त्या गिरणीत आहेत.

अवांतर: क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली १९८२ला. आपला गिरणीसंप सुरू झाला तोही १९८२च.

लँकशायरची सून

मी हे वाचून गाडी बाजूला घेतली. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

जुना लंडनकर

आणि पहिलं कोडं माझ्याकडून. दोन दिवस डोक्यात 'पाव, लोणी, नंबर' घोळत होतं. आज सकाळी टोस्टला लोणी लावताना उजेड पडला.

तो को-ऑपचा नंबर आहे!

सहकारी दुकान. रॉचडेलच्या विणकरांनी आणि इतरांनी मिळून १८४४ साली टोड लेनवर सुरू केलं, बर्नलीपासून फार लांब नाही. मग गावोगाव. तुम्ही सभासद असलात की तुमचा नंबर. काहीही घेतलं की काउंटरवर नंबर सांगायचा, दुकानदार तो चिठ्ठीवर लिहायचा, एक प्रत तुम्हाला. ठरावीक महिन्यांनी नफ्यातला वाटा परत, खरेदीच्या हिशेबात. त्याला सगळे 'डिव्ही' म्हणत. मुलांचे बूट डिव्हीतून यायचे. सामान आणायला मुलंच पाठवायची, म्हणून स्वतःच्या वाढदिवसाआधी पोरांना आईचा डिव्ही नंबर पाठ. चुकीचा सांगितला तर वाटा शेजारणीला!

लोणी मोठ्या गड्ड्यातून लाकडी फळ्यांनी थापून कापून द्यायचे. साखर निळ्या जाड कागदाच्या पुडीत. पैसे लाकडी वाटीत घालून, वरच्या तारेवरून झूं करत कॅशियरच्या पिंजऱ्यात जायचे आणि सुटे पैसे तसेच परत. मी नुसतं ते बघायला घरमालकिणीची कामं करायचो.

गिरणगावकर

काका, सलाम. आमच्या नायगावात १९४८ला कामगारांनी अपना बाजार काढला. आईचा सभासद क्रमांक मला आत्ता आठवला. कुणी विचारलाही नव्हता.

लँकशायरची सून

आज शनिवार. जाऊन आले.

आधी मी-मॉ. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी दारातूनच, आवाज न काढता, तोंड वेडंवाकडं करून विचारलं, "चहा घेणार का?" त्यांनी दोन क्षण बघितलं. मग तसंच, ओठांनीच, सफाईदार उत्तर दिलं. मला एक अक्षर कळलं नाही. त्या खो खो हसल्या आणि आवाजात म्हणाल्या, "लव्ह, तुझे उच्चार फार वाईट आहेत."

माग मोडल्याचं विचारलं. त्यांनी पाहिलंय. अंगणात आणून घणाने फोडत होते, बिडाचे तुकडे लॉरीत. त्यांची आई कुंपणाशी उभी होती. सहा मागांपैकी आपला कुठला हे तिला लांबून ओळखू येत होतं.

मग मी वही मिटली आणि म्हटलं, "मी को-ऑपमध्ये चाललेय, काही आणायचंय?" काका, तुम्ही तिथे असायला हवे होता. पाठ ताठ झाली, हात मांडीवर. "पाव पौंड चहा. अर्धा पौंड लोणी, गड्ड्यातलं, पाकिटातलं नको. फुटकी बिस्किटं असली तर सहा पेन्सची." मग तो पाच आकडी नंबर, त्याच चालीत. मी पुन्हा म्हणून दाखवला. मधला आकडा मुद्दाम चुकवला. त्यांनी लगेच दुरुस्त केला, बोट वर करून.

निघताना हाक मारली. "चिठ्ठी विसरू नकोस. आई मोजून घेते."

येताना खरंच को-ऑपमध्ये गेले, आहे तिथे जवळच. सुटं लोणी कसलं मिळतंय. पाकीट फोडलं, बटरपेपरवर चमच्याने थापून चौकोनी केलं आणि कागदावर नंबर लिहून सोबत ठेवलाय. मंगळवारी नेईन.

चहाबिस्कीट

ओल्या डोळ्यांनी +१. कडूलिंब, तुम्हीही अजून लिहा. मी तेव्हा उगाच बोलले.

कडूलिंब

लिहीन. बसमधला एक पंजाबी मित्र होता, त्याच्या डब्यातल्या पराठ्यांवर एक वेगळा धागा होईल.

जुना लंडनकर

काल रात्री अडीच वाजता आमच्या घरमालकिणीचा नंबर आठवला. सहा आकडी. पूर्ण.

मिश्कील_मामा

काका, इथे टाकू नका. कुणीतरी जाऊन डिव्ही उचलेल.